दूरचा फ्लॅश कोण पेटवतो? शाळेच्या स्टुडिओसाठी वायरलेस ट्रिगर निवडताना



छायाचित्र-मंडळाच्या मुलांनी यंदा वायरलेस ट्रिगरच्या खरेदीसाठी रीतसर अर्ज दिला आहे. बैठकीत तो वाचला गेला तेव्हा एका ज्येष्ठ विश्वस्तांनी विचारले, "तार आहे ना? मग रेडिओ कशाला?" प्रश्न अगदी रास्त आहे. संस्थेचा पैसा देणगीतून येतो आणि त्यातला प्रत्येक रुपया विचारूनच खर्च व्हायला हवा. मी या शाळेचा माजी विद्यार्थी, इंदुरातच लहानसा फोटो स्टुडिओ चालवतो आणि शनिवारी मुलांना कॅमेरा शिकवायला येतो. म्हणून उत्तर मीच लिहून द्यावे, असे मुख्याध्यापिका बाईंनी सांगितले. मुलांनाही समजावे म्हणून जरा मुळापासून लिहितो.

आधी तारेविषयी. गेल्या जानेवारीत ओळखपत्रांचे फोटो काढताना चित्रकलेच्या वर्गात आम्ही दोन दिवे लावले होते. कॅमेऱ्यापासून दिव्यापर्यंत पाच मीटरची तार जमिनीवरून गेली होती. वर सतरंजी टाकली होती, चिकटपट्टीही लावली होती. तरी पाचवीतल्या एका मुलाचा पाय अडकला आणि स्टँड दिव्यासकट आडवा झाला. दिवा मुलापासून हातभर अंतरावर पडला. काच फुटली. मुलाला काही झाले नाही, पण मला त्या रात्री झोप आली नाही. दिवसाला चारशे मुले ज्या खोलीतून ये-जा करणार, तिथे गुडघ्याखाली ताणलेली तार ठेवणे ही माझीच चूक होती.

दुसऱ्या दिवशी तार काढली आणि दिव्यातला 'डोळा' चालू केला. हा डोळा दुसऱ्या फ्लॅशचा उजेड पाहतो आणि आपला दिवा पेटवतो. फुकटची सोय! दुपारपर्यंत उत्तम चालले. नंतर पश्चिमेच्या खिडकीतून ऊन आत आले, डोळ्याला छोट्या फ्लॅशची चमक दिसेना. मधूनमधून मी स्वतःच मध्ये उभा राहत होतो. दहावीच्या बासष्ट मुलामुलींचे परीक्षा-अर्जाचे फोटो होते, त्यातले अकरा काळे आले. "काका, या वेळी मागचा दिवा पेटलाच नाही," असे एक मुलगा सांगत होता, पण रांग लांब होती आणि मी घाईत होतो. दहा जणांचे परत काढले. एक मुलगी संध्याकाळीच गावी निघून गेली होती. तिच्या अर्जावर शेवटी मोबाईलवरचा, डोळे अर्धवट मिटलेला फोटो लागला. वर्षभर तिने तो हॉल तिकिटावर बघितला असेल.

तेव्हा प्रश्न चैनीचा नाही, एवढे आधी सांगून ठेवतो.

मुळात दिवा कॅमेऱ्यापासून दूर ठेवायचाच कशाला? कॅमेऱ्याच्या डोक्यावर बसवलेला फ्लॅश सरळ चेहऱ्यावर आदळतो. नाक-गालांची ठेवण सपाट होते, कपाळ चमकते, मागच्या भिंतीवर काळी सावली उमटते. तोच दिवा एका बाजूला, डोक्याच्या थोडा वर, पांढऱ्या छत्रीतून टाकला की चेहऱ्याला गोलाई येते. ही युक्ती विजेच्याही आधीची आहे. जुने छायाचित्रकार काचेच्या छताखाली किंवा मोठ्या खिडकीशेजारी माणसाला बसवत. आपल्या इंदुरात सार्वजनिक बांधकाम खात्यात नोकरी करणारे लाला दीनदयाळ १८७४ च्या सुमारास इथेच छायाचित्रणाकडे वळले. होळकर दरबाराचा आश्रय त्यांना मिळाला आणि पुढे हैदराबादच्या निजामांचे दरबारी छायाचित्रकार म्हणून ते देशभर गाजले. त्यांच्या स्टुडिओचा मुख्य दिवा म्हणजे सूर्य, आणि तो पेटवायला ट्रिगर लागत नसे. इलेक्ट्रॉनिक फ्लॅश त्यांच्या पुष्कळ नंतरचा. १९३० च्या दशकात अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत हॅरल्ड एजर्टन यांनी तो व्यवहारात आणला.

आता खरी गंमत. फ्लॅशचा उजेड किती वेळ टिकतो? पूर्ण ताकदीवर साधारण सेकंदाचा हजारावा भाग, कमी ताकदीवर त्याहूनही पुष्कळ कमी. डोळ्याची पापणी लवायला याच्या शंभरपट तरी वेळ लागतो. एवढ्या इवल्या क्षणी कॅमेऱ्याचा पडदा पूर्ण उघडा असायला हवा.

कॅमेऱ्यात पडदे दोन असतात. बटण दाबले की पहिला सरकतो आणि सेन्सर उघडा पडतो. ठरलेला वेळ झाला की दुसरा त्याच दिशेने सरकून सेन्सर झाकतो. १/६० किंवा १/१२५ सेकंदाला पहिला पडदा पूर्ण गेलेला असतो, दुसरा अजून निघालेला नसतो, आणि मध्ये सगळे मैदान मोकळे मिळते. पण १/१००० ठेवले तर पहिला अर्ध्या वाटेवर असतानाच दुसऱ्याला निघावे लागते. मग सेन्सरवरून फक्त एक फट सरकत जाते. त्या वेळी फ्लॅश पडला तर फटीपुरताच उजेड लागतो आणि बाकी फोटो काळा. ज्या वेगापर्यंत मैदान पूर्ण मोकळे मिळते त्याला सिंक स्पीड म्हणतात. आजच्या बहुतेक कॅमेऱ्यांत तो १/२०० किंवा १/२५० च्या आसपास असतो. जुन्या फिल्मच्या पेंटॅक्स के-१००० मध्ये तो अवघा १/६० होता.

ट्रिगरचे काम यातच येते. कॅमेरा म्हणतो 'आता', आणि ट्रिगर तो शब्द दिव्यापर्यंत पोचवतो. रेडिओलहरी सेकंदाला तीन लाख किलोमीटर जातात. दहा मीटरची खोली पार करायला त्यांना सेकंदाचा तीन कोटीवा भाग लागतो, म्हणजे जवळजवळ काहीच नाही. उशीर होतो तो दोन्ही टोकांना. पाठवणारा 'आता'ची सांकेतिक भाषा करतो, घेणारा ती उलगडून खात्री करतो की हा निरोप आपल्यासाठीच आहे. चांगल्या ट्रिगरमध्ये हे इतके पटकन होते की पूर्ण सिंक स्पीड वापरता येतो. स्वस्तातल्यांत कधी कधी उशीर होतो. १/२०० म्हणजे फक्त ५ मिलिसेकंद, आणि त्यातले बरेचसे पडद्याच्या धावण्यातच जातात. निरोप मिलिसेकंदभर उशिरा पोचला तरी फोटोच्या एका कडेला काळी पट्टी येते. उपाय फुकटचा आहे: वेग १/१२५ वर आणावा, म्हणजे ८ मिलिसेकंद मिळतात. बसलेल्या माणसाचा फोटो काढताना याने काही बिघडत नाही. मुलांनो, काळी पट्टी दिसली की आधी ट्रिगरला शिव्या देऊ नका, आधी शटरचा आकडा बघा.

दूरच्या दिव्याला निरोप पाठवायचे मार्ग तीन: तार, उजेड आणि रेडिओ. तारेचे झाले. जाता जाता एक गोष्ट: तारेचे जे छोटे गोल सॉकेट असते त्याला पीसी म्हणतात, त्याचा संगणकाशी काही संबंध नाही. प्रॉन्टर आणि कॉम्पुर या दोन जुन्या जर्मन शटरांच्या नावांची ती आद्याक्षरे आहेत. ती पिन नेहमीच सैल होते. सगळ्या जगात होते.

उजेडाचा मार्ग म्हणजे वर सांगितलेला डोळा. बंद खोलीत, एकच कॅमेरा असेल तर तो आजही कामाचा आहे आणि त्याला खर्च नाही. पण त्याचे शत्रू पुष्कळ. ऊन त्याला आंधळा करते. छत्री किंवा माणूस आड आला की त्याला दिसत नाही. आणि फ्लॅश कोणाचा हे त्याला कळत नाही. स्नेहसंमेलनात नाटकाच्या गटाचा फोटो काढताना एका पालकांच्या कॅमेऱ्याचा फ्लॅश चमकला, आमचे दोन्ही दिवे आज्ञाधारकपणे पेटले आणि आम्ही बटण दाबले तेव्हा ते पुन्हा भरायच्या घाईत होते. शिवाय आजचे फ्लॅश खऱ्या चमकीच्या आधी मोजमापासाठी एक बारीक चमक टाकतात. साधा डोळा त्या पहिल्याच चमकीला फसतो. काही दिव्यांत ही पहिली चमक सोडून द्यायची सोय असते, पण आपल्याकडच्या जुन्या दिव्यांत ती नाही. मोठ्या कंपन्याही बराच काळ उजेडावरच विसंबून होत्या. कॅननने स्वतःच्या फ्लॅशमध्ये रेडिओ दिला तो २०१२ मध्ये, निकॉनने २०१६ मध्ये. तोवर रेडिओ हवा असेल तर तो दुसऱ्या कंपनीचा घ्यावा लागे.

राहिला रेडिओ. आज बाजारात मिळणारे बहुतेक ट्रिगर २.४ गिगाहर्ट्झवर चालतात. शाळेचा वाय-फाय आणि ब्लूटूथही त्याच पट्ट्यात. कमी ताकदीच्या उपकरणांसाठी हा पट्टा भारतात २००५ पासून परवान्याविना खुला आहे, म्हणून विश्वस्तांना कायद्याची काळजी नको. मात्र परदेशातून कोणी नातेवाईक जुना ट्रिगर भेट आणत असतील तर त्याची फ्रिक्वेन्सी विचारा. पॉकेटविझार्डचे अमेरिकेतले ट्रिगर ३४४ मेगाहर्ट्झच्या आसपास आणि युरोपातले ४३३ च्या आसपास चालत. दोघांचे आपसात जमत नाही, आणि इथे ते वापरायला चालेल की नाही हा प्रश्न वेगळाच.

आणि फ्रिक्वेन्सी एक असली म्हणजे भाषा एक असते असे नाही. एकाच पारावर दोघे बसले आहेत, एक कन्नड बोलतो आहे, दुसरा गुजराती. आवाज दोघांचाही कानावर पडतो, अर्थ लागत नाही. गोडॉक्सचा ट्रिगर योंगनुओच्या रिसीव्हरशी बोलत नाही, प्रोफोटोचा एलिनक्रोमशी बोलत नाही. म्हणून खरेदीतली सगळ्यात मोठी गोष्ट हीच: ट्रिगर घेताना तुम्ही एक डबी घेत नसता, एका घराण्याशी सोयरीक करत असता. पुढच्या दहा वर्षांत येणारा प्रत्येक दिवा त्याच घराण्यातला घ्यावा लागेल, नाहीतर त्याला वेगळा रिसीव्हर जोडावा लागेल. यंदा दोनशे रुपये वाचवणारा आणि पुढच्या वर्षी बाजारातून नाहीसा होणारा ट्रिगर महागात पडतो. माझ्या कपाटात अशा अनाथ डब्या पाच आहेत.

मग आपल्याला नेमके काय हवे? आपल्याकडे विजेवर चालणारे दोन जुने स्टुडिओ दिवे आहेत, एका बंद झालेल्या स्टुडिओने शाळेला दिलेले. कॅमेऱ्यावर बसणारा एक छोटा फ्लॅश आहे. काम तीन प्रकारचे: ओळखपत्रे व अर्जांचे फोटो, वर्गांचे गट-फोटो, आणि मुलांचा सराव.

दुकानदार पहिल्यांदा टीटीएल दाखवेल. यात कॅमेरा स्वतः उजेड मोजतो आणि फ्लॅशची ताकद ठरवतो. लग्नात धावत फोटो काढणाऱ्याला हे वरदान आहे, आणि लग्नसराईत मीही वापरतो. ओळखपत्राला मात्र ते नको. टीटीएलला समोर पांढरा शर्ट दिसला की ते उजेड कमी करते, गडद स्वेटर दिसला की वाढवते. म्हणजे हिवाळ्यात रांगेतल्या प्रत्येक मुलाचा चेहरा वेगळ्या उजेडाचा. आपल्याकडे खुर्ची ठरलेली, दिवा ठरलेला, अंतर ठरलेले. अंतर बदलत नाही तर ताकदही बदलायला नको. उजेडाचा नियम सातवी-आठवीच्या मुलांनी लक्षात ठेवावा: दिवा दुप्पट लांब नेला तर उजेड निम्मा होत नाही, चौथाई होतो. म्हणून जमिनीवर खडूची खूण करा, खुर्ची तिथेच ठेवा, एकदा ताकद बसवा आणि चारशे फोटो काढा. टीटीएलचे जादा पैसे माझ्या मते आपण देऊ नयेत.

हाय स्पीड सिंकचेही तेच. यात फ्लॅश एकदम न पेटता भराभर थरथरतो, म्हणजे फट सरकत असताना सगळ्या सेन्सरला उजेड मिळतो. भर उन्हात मैदानावर हे कामी येते, पण ताकद बरीच कमी होते आणि सेल लवकर उतरतात. खोलीत त्याचा उपयोग नाही.

एका जादा सोयीसाठी मात्र मी भांडेन: कॅमेऱ्यावरूनच प्रत्येक दिव्याची ताकद कमी-जास्त करता यायला हवी. कारण साधे आहे. छत्रीतला दिवा डोक्याच्या वर असतो. ताकद बदलायला सहावीतल्या मुलीला स्टुलावर चढावे लागते, आणि स्टूल, स्टँड, विजेचा दिवा हे त्रिकूट मला पुन्हा बघायचे नाही. आजच्या चांगल्या ट्रिगरमध्ये दिव्यांचे गट करता येतात. गट अ म्हणजे चेहऱ्याचा, गट ब म्हणजे मागच्या पडद्याचा. बोटाने आकडा फिरवला की काम झाले. पण ही सोय त्याच घराण्याच्या दिव्यांनाच चालते. जुन्या दिव्यांना रिसीव्हर फक्त 'पेट' एवढेच सांगू शकेल. म्हणून माझी सूचना अशी: एक ट्रिगर, त्याच घराण्याचे दोन साधे मॅन्युअल फ्लॅश ज्यांच्या पोटातच रिसीव्हर आहे (गोडॉक्सचा टीटी-६०० हा त्यातला एक), आणि जुन्या दिव्यांसाठी दोन सुटे रिसीव्हर. भाव सतत बदलतात म्हणून आकडे लिहीत नाही. तीन दुकानांतून लेखी कोटेशन घ्यावीत आणि प्रत्येकाला विचारावे की बिघडल्यास दुरुस्ती इंदुरात होते की माल बाहेर पाठवावा लागतो.

कॅमेऱ्याच्या बाबतीत एक सावधगिरी. डोक्यावरच्या खाचेत मधोमध एक मोठी पिन असते, साधे ट्रिगर तिच्यावरच चालतात. कॅननने ३०००डी आणि २००डी मार्क-२ सारख्या काही स्वस्त मॉडेलांत ही मधली पिनच दिलेली नाही. त्यांच्यावर साधा ट्रिगर बसतो, दिवा मात्र पेटत नाही, आणि माणूस दोष ट्रिगरला देतो. सोनीच्या २०१२ पूर्वीच्या कॅमेऱ्यांची खाच तर सगळ्यांहून निराळी होती. आपल्या शाळेच्या कॅमेऱ्याला पिन आहे, मी पाहिली. तरी ट्रिगर घ्यायला जाताना कॅमेरा बरोबर न्यावा आणि दुकानातच वीस वेळा दाबून पाहावे.

जुन्या फ्लॅशांविषयी पालकांनी हे नीट वाचावे. घरात आजोबांच्या काळातला फ्लॅश असेल तर तो थेट डिजिटल कॅमेऱ्यावर बसवू नका. फिल्मच्या जुन्या कॅमेऱ्यात धातूचे दोन पत्रे एकमेकांना टेकत, त्यांना व्होल्टेजचे काही वाटत नसे. म्हणून त्या काळच्या काही फ्लॅशांच्या पिनेवर दोनशे व्होल्टच्या पुढे दाब असतो. डिजिटल कॅमेऱ्यांपैकी काहींना अडीचशे व्होल्ट चालतात, काहींना फक्त सहा. पुस्तिका बघावी. रेडिओ ट्रिगरचा इथे एक आडून फायदा होतो: कॅमेरा आणि दिवा यांच्यात तारच उरत नाही, म्हणून कॅमेरा वाचतो. जळायचाच झाला तर रिसीव्हर जळेल, त्याचीही मर्यादा पुस्तिकेत पाहून घ्यावी. आणि मुलांनो, फ्लॅश उघडायचा नाही. बंद केलेल्या, सेल काढलेल्या फ्लॅशच्या पोटातही सुमारे तीनशे व्होल्टचा साठा बराच वेळ राहू शकतो. हा धडा करून बघायचा नाही.

माल आल्यावर चाचणी कशी घ्यायची तेही सांगतो. कॅमेरा १/१२५, एफ-८, आयएसओ १०० वर ठेवा आणि दिवे बंद करून एक फोटो काढा. तो जवळजवळ काळा यायला हवा, म्हणजे ट्यूबलाइटचा उजेड फोटोत शिरत नाही याची खात्री होते. मग दिवे लावून ओळीने शंभर फोटो काढा, प्रत्येक वेळी दिवा भरेपर्यंत थांबून. एकही चुकता कामा नये. मग खोलीत पस्तीस-चाळीस मुले उभी करून पुन्हा शंभर. हे मुद्दाम, कारण माणसाच्या शरीरात पाणीच पाणी, आणि २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी पाण्यात शोषल्या जातात. रिकाम्या वर्गात नीट चाललेला ट्रिगर भरलेल्या सभागृहात अडखळतो तो यामुळे. रिसीव्हर लोखंडी स्टँडला चिकटवून न ठेवता थोडा उंच आणि मोकळा ठेवला, चॅनेल बदलून पाहिला, की बहुतेक वेळा निभावते. सेल निकेल-मेटलचे, पुन्हा भरता येणारे घ्यावेत, दुप्पट घ्यावेत. निम्म्या तक्रारी उतरलेल्या सेलच्या असतात.

टीटीएलचे जे पैसे वाचतील त्यातून चार वाळूच्या पिशव्या शिवून घ्याव्यात, स्टँडच्या पायांवर ठेवायला. शिवणकामाच्या बाईंनी कापड द्यायचे कबूल केले आहे, वाळू शाळेच्या बांधकामातली उरलेली आहे.

ज्या पालकांच्या घरी जुने फ्लॅश पडून असतील त्यांनी ते येत्या दोन शनिवारी सकाळी चित्रकलेच्या वर्गात आणावेत. मी मल्टिमीटर घेऊन बसेन, व्होल्टेज मोजून चिठ्ठी लावून देईन. जे सुरक्षित निघतील आणि तुम्हाला नको असतील ते छायाचित्र-मंडळाला चालतील. फ्लॅश आणताना सेल काढून आणावेत. आणि गेल्या वर्षीच्या दहावीतली ती मुलगी आता आपल्याच शाळेत अकरावीला आहे. तिच्या ओळखपत्राचा फोटो नवे दिवे लागले की पहिला काढायचा, असे मंडळाच्या मुलांनी ठरवले आहे.